काठावर उरलेला खडा

१

आमच्या मोहटोल्याच्या तळ्यात जाळं ओढायला उतरताना प्रत्येकजण काठावरचा एक खडा उचलून म्हाताऱ्या लटारूबाबाच्या घोंगडीवर ठेवतो. बाहेर आला की एक खडा उचलतो. कोणाचा खडा कोणता, याला महत्त्व नाही. शेवटचा माणूस बाहेर आल्यावर घोंगडी रिकामी दिसली पाहिजे. खडा उरला तर कोणीतरी पाण्यात आहे, आणि तो सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही. आमच्या जुन्या माणसांना वीसच्या पुढे मोजता येत नसे, पण खड्यांनी कधी चूक केल्याचं ऐकलं नाही.

मला मोजता येतं. लिहिताही येतं. शाळेत गेलो नाही. गावाचा धारा गोळा करणाऱ्या मालगुजाराच्या कोठारात धानाच्या पोत्यांवरची अक्षरं पाहून शिकलो. १९३८ पासून रोज वही लिहितो. तळ्याचं पाणी किती उतरलं, कोणतं जाळं कुठे फाटलं, वारा कुठून होता, मासळी काय लागली. वर्षाला एक वही. ही अठरावी.

मालगुजारी गेली तसं तळं सरकारात गेलं, आणि आम्हा ढिवरांचा मासळीचा हक्क कागदावर यावा म्हणून चांद्याच्या कचेरीत पेशी, म्हणजे सुनावणी, सुरू झाली. दर तारखेला आठ-दहा जण जातो. पहाटे चालत मूल, तिथून छोटी गाडी, मग वेशीतून आत शिरून चौकात. चांदा ही गोंडराजांची राजधानी, आणि हा चौक तिचा मध्य. चारी बाजूंनी दुकानं, टांगे, सोड्याच्या बाटल्यांचे आवाज. मधोमध एक जुना दगडी चौथरा. खेड्यावरून आलेली माणसं पुकारा होईपर्यंत या चौथऱ्यावर बसतात.

पहिल्या पेशीलाच लटारूबाबानं चौथऱ्यावर घोंगडी अंथरली आणि सगळ्यांना खडे ठेवायला लावले. आमच्यातला मुखरू हसला. "बाबा, इथी कोण बुडते?"

"एवढी मानसं," लटारूबाबा चौकाकडे बघत म्हणाला. "हे बी पानीच आहे, बाबू."

तेव्हापासून चौकातही खडे ठेवतो.

२

२१ मार्च १९५५, सोमवार. मूलच्या फलाटावर नेहमीप्रमाणे नावं लिहून काढली आणि तेवढी तिकिटं घेतली, जाण्यायेण्याची. अकराच्या सुमारास चौकात पोचलो. खडे ठेवले.

दोन वाजता पुकारा झाला. उठताना मी कोणाला तरी म्हणालो, "इथीच बस, मी येतोच." हे वाक्य मला स्वच्छ आठवतं. चौथऱ्याच्या पूर्वेकडच्या सगळ्यात खालच्या पायरीवर नुकती सावली आली होती आणि ही जागा बरी, असं मनात आलं होतं.

साहेब दौऱ्यावर होते. पुढची तारीख मिळाली. चार वाजता आम्ही चौथऱ्यापाशी परत आलो, प्रत्येकानं घोंगडीवरून एकेक खडा उचलला, आणि एक खडा उरला.

"कोन राह्यलं?" लटारूबाबानं विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी वही उघडून नावं वाचली. प्रत्येकानं हो म्हटलं. नऊ नावं, नऊ माणसं.

"राजाचा असंन खडा," मुखरू म्हणाला. "त्याची बी पेशी असंन आज."

"तुही अक्कल राह्यली असंन बजारात," सुगंधाबाई म्हणाली. "पाहून ये जाय."

सुगंधाबाई माझ्या शेजारच्या घरातली. नवरा गेल्यापासून जाळ्यातला त्याचा वाटा तीच धरते, आणि तिच्या तोंडाला कोणी लागत नाही. पण त्या दिवशी एवढं बोलून ती मागे वळून पायऱ्यांकडे पाहत राहिली.

लटारूबाबा घोंगडीवरून उठेना. "खडा आहे तं मानूस आहे. मी नाई हालत."

"बाबा, वहीत नऊ नावं आहेत. वही खोटं नाई बोलत."

"खडा बी नाई बोलत."

गाडी सव्वापाचची होती. सोमारीचं अंगावरचं लेकरू घरी होतं. तिचे डोळे भरून आले होते. मी वाकून तो खडा उचलला. "हा माहा आहे," मी म्हणालो. "मीच उचलाचा भुललो."

खरं म्हणजे माझा खडा आधीच खिशात होता. लटारूबाबानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग घोंगडी झटकली आणि खांद्यावर टाकली.

३

गाडीत आम्हाला दोन समोरासमोरची बाकं मिळाली. मी खिडकीपाशी एका माणसाची जागा सोडून बसलो होतो. मुखरू दारापाशी उभा होता. केळझरच्या पुढे मी त्याला म्हटलं, "इथी बस ना, जागा आहे."

तो म्हणाला, "राहू दे भाऊ. कोनी बसलं आहे ना तिथी." मग त्यानं नीट पाहिलं आणि येऊन बसला. पण अंग चोरून, बाकाच्या कडेवर.

"दुपारी मी तुलेच म्हटलं होतं ना, इथीच बस म्हणून?" मी विचारलं.

"मले? मी तं तुमच्याच संगं कचेरीत होतो."

मूलला उतरलो. फाटकावर तिकीटबाबूला मी सगळी तिकिटं एकदम दिली. त्यानं आम्हाला मोजलं, तिकिटं मोजली. "दहा आहेत. एक कुठी राह्यला?"

कंदिलाच्या खांबाखाली उभं राहून मी वही काढली.

१. लटारू
२. मुखरू
३. सुगंधाबाई
४. देवाजी, म्हणजे मी
५.
६. सोमारी

आणि पुढे तसंच, दहापर्यंत. चौकात मी नुसती नावं वाचली होती. आकडे वाचले नव्हते. पाचापुढे खाडाखोड नाही, डाग नाही. कागद कोरा आणि गुळगुळीत. आकडा मात्र माझ्याच हातचा, ठिपक्यासकट.

त्या यादीच्या वर, पहाटे घरून निघण्याआधी लिहिलेली एक ओळ होती. *आज चौक दाखवायचा. बांगड्या.*

कोणाला दाखवायचा, ते लिहिलेलं नव्हतं.

४

त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मी एकटा राहतो असंच मी सांगितलं असतं. आई जाऊन अकरा वर्षं झाली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे मात्र मला दुसऱ्या दिवशी सकाळी चूल पेटवताना आठवेना. चूल पेटवताही येईना. फुंकणी कुठे असते, मीठ कशात आहे, मला माहीत नव्हतं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस मी, स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा मडकी उघडून बघत होतो.

मी सगळं ओळीनं लिहून काढलं. पितळी ताटल्या दोन, दोन्ही रोजच्या वापरातल्या. दांडीवर धुऊन टाकलेलं लुगडं. आरशामागे फणी, तिच्यात केस. आईचे असतील म्हणावं तर आई पांढरी झाली होती आणि हे केस काळे होते, दोन-चार रुपेरी. कोनाड्यात कुंकवाचा करंडा. बोट लावलं तर बोटाला रंग आला.

प्रत्येक गोष्टीला काहीतरी उत्तर होतं. लुगडं शेजारचं वाळत टाकलेलं असेल. ताटल्या पाहुण्यासाठी. एकेक उत्तर पटत होतं. सगळी एकत्र पटत नव्हती.

संध्याकाळी सुगंधाबाई आली. हातात वाटी, वर पान झाकलेलं. ती सरळ आत शिरली, चुलीपाशी पाट ओढला, बसली, आणि माझ्याकडे पाहून दचकली.

"मी काऊन आलो इथी?" ती म्हणाली.

"भाजी आनली ना तुमी."

"ते दिसते मले बी. पन मी रोज येतो, भाऊ. रोज ह्याच येळंला. पाय आपोआप येतेत." तिनं पाटावर हात फिरवला. "तुमच्या संगं कधी दोन गोठी बोलल्याचं मले आठवत नाई. तुमी तं वहीतच असता. मंग मी कोनाच्या संगं बोलत होतो?"

तिनं वाटी ठेवली आणि रडू लागली, आवाज न करता, आणि कशासाठी ते तिलाही सांगता येईना.

त्या रात्री झोपताना मला कळलं की मी चटईच्या एका कडेला झोपतो.

५

माणूस विसरेल, वही विसरणार नाही, असं मी धरून चाललो. चार दिवस तळ्यावर गेलो नाही. अठरा वह्या पानोपान वाचल्या.

१९४१ च्या आषाढात तळ्याची पाळ फुटली तेव्हा कोणत्या खुंटापासून पाणी गेलं, ते आहे. कोणत्या जाळ्याला कोणत्या साली किती गाठी पडल्या, ते आहे. मला एकोणीस दिवस हिवताप होता, रोजचा किती वाजता चढला आणि किती वाजता उतरला, तेही आहे. डोक्यावर ओल्या कापडाच्या घड्या कोणी ठेवल्या, ते नाही. *आज बोरं आंबट निघाली.* कोणी आणली, ते नाही. *जेवण झाल्यावर लिहितो आहे.* हे वाक्य शेकडो ठिकाणी आहे, आणि जेवण कोणी केलं ते एकाही ठिकाणी नाही.

अक्षरं पुसली गेली असती तर मला बरं वाटलं असतं. मी दिव्यासमोर धरून पानं पाहिली. कुठेही काही पुसलेलं नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. घरातलं काय लिहायचं, असं मला वाटत आलं असणार.

पाचव्या दिवशी लटारूबाबाकडे गेलो. तो अंगणात जाळं दुरुस्त करत होता. मी खिशातले दोन्ही खडे त्याच्यापुढे ठेवले.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "तू खोटा बोलला ते."

"मंग तुमी उठले काऊन?"

त्यानं सुई जाळ्यात खोचून ठेवली. मग भिंतीला लावलेलं एक काळं पडलेलं जाळं दाखवलं. "ते पाह्य. दोघानं धराचं जाळं आहे. माह्या बापानं केलं. मी बापाचा एकटाच लेक, असं सारं गाव सांगते. मले बी तसंच आठवते. मंग दुसरी बाजू कोन धरत होतं?"

घरात जाऊन त्यानं एक चिंधी आणली. चिंधीत खडा होता. "माह्या जवानीत तळ्यावर बी एक दिवशी असाच उरला होता. अभाळ आलं होतं, आमी निंगून आलो."

"मंग पान्यात पाह्यलं नाई?"

"सात दिवस पाह्यलं. काठावरून नाई दिसत, देवाजी." त्यानं चिंधी पुन्हा बांधली. "उतरून, खडा काठावर ठेवून, तसंच पान्यात राहाले पाह्यजे. मी नाई राह्यलो. माही लेकरं लहान होती."

निघताना तो म्हणाला, "तुले लेकरं नाईत." हे त्यानं विचारलं की सांगितलं, मला कळलं नाही.

६

१८ एप्रिलची पेशी. या खेपेला नावं नऊ, तिकिटं नऊ. मी दोनदा तपासलं.

चौकात पोचल्यावर पूर्वेकडच्या खालच्या पायरीकडे मी आधी नुसतं लांबून पाहिलं. बाजाराचा दिवस होता. चौथऱ्यावर मुंगीला जागा नव्हती. बायका टोपल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या, माणसं उभ्या उभ्या बिड्या ओढत होती. त्या पायरीवर मात्र एका माणसाची जागा रिकामी होती. कोणी ती ठरवून सोडली आहे असं दिसत नव्हतं. टोपली घेऊन येणारी बाई तिथपर्यंत यायची, पाऊल जरा वाकडं टाकायची आणि पुढे जायची. बोलणं न तोडता. एक कुत्रंही तसंच वळसा घालून गेलं.

मी पळसाच्या पानात भाकर आणि सुक्या मासळीची चटणी आणली होती. पान मिटून, काडी टोचून, ते पायरीवर ठेवलं. शेजारी उभा राहून काहीतरी बोलावं असं वाटलं. कोणत्या नावानं हाक मारायची, ते माहीत नव्हतं. कचेरीत निघून गेलो.

चार वाजता आलो तेव्हा पान तिथेच होतं, मिटलेलं, काडी टोचलेली. मी उघडलं. भाकर अर्धी होती. फाडलेली नव्हती, हातानं सारखी मोडलेली. चटणीही अर्धी, एका बाजूला सारलेली.

कुत्रं अर्धी भाकर ठेवत नाही. भिकारी पान पुन्हा मिटून काडी टोचत नाही. मी असा विचार करत उभा होतो, आणि त्याच वेळी दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात येत होती जी मी पाहू इच्छित नव्हतो. चौकात माणसं सरळ चालत नव्हती. सोड्याच्या गाडीपाशी वळसा. टांग्यांच्या रांगेपुढे वळसा. वेशीच्या वाटेवर तर ओळीनं तीन-चार ठिकाणी गर्दी फाटत होती आणि पुन्हा मिळत होती, तळ्यात रोवलेल्या खुंटांभोवती पाणी जातं तशी. पूर्वेकडची पायरी एकटी नव्हती.

लटारूबाबानं हाक मारली. मी माझा खडा उचलला आणि सगळ्यांच्या पुढे, जवळजवळ पळत, स्टेशनवर गेलो. उरलेली अर्धी भाकर माझ्यासाठी ठेवली होती, हे मला गाडीत बसल्यावर उमजलं. मी ती पायरीवरच टाकून आलो होतो.

७

१६ मे. आज.

घर झाडून काढलं, लुगडं घडी करून ठेवलं. किल्ली सुगंधाबाईला दिली. तिनं विचारलं, "काऊन मले? संध्याकाळी येताच ना?" मी हो म्हटलं. ती किल्ली घेऊन उभी राहिली. "भाऊ, कोनी भेटलं तं सांगजा, सुगंधी पुसत होती म्हून. मंग ते जे कोनी असंन ते."

चौकात पोचल्यावर मी घोंगडीवर दोन खडे ठेवले. आजचा एक आणि मार्चचा एक. लटारूबाबानं ते पाहिले.

पुकारा झाला तेव्हा मी कचेरीत गेलो नाही. पूर्वेकडच्या पायरीवर जाऊन बसलो, त्या जागेला लागून. ऊन भयंकर होतं. दगड तापला होता, पण माझ्या डाव्या बाजूचा हातभर दगड गार होता, तापल्या दगडावर माणूस बराच वेळ बसून राहिला की त्याच्याखाली असतो तसा. मी तिकडे पाहिलं नाही. समोरच्या चहाच्या दुकानातला पोपट ओरडत होता. तीनच्या सुमारास त्याचा आवाज लांब गेला, पोपट मात्र तिथेच होता. टोपली घेतलेली एक बाई माझ्यापर्यंत आली, पाऊल वाकडं टाकलं आणि पुढे गेली.

चार वाजता सगळे परत आले. एकेकानं खडा उचलला.

"दोन उरले," सुगंधाबाई म्हणाली.

"बाप्पा, ह्या चौकात खडे पिल्लं देतेत," मुखरू म्हणाला. "आपन आठ आलो, आठ आहोत. का नाई?"

"मी इथी आहो," मी म्हणालो. मी त्याच्यापासून पाच हातांवर होतो. पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. मुखरूनं कान खाजवला.

सुगंधाबाईनं कंबरेची किल्ली काढून उलटसुलट पाहिली, ही कुठली म्हणून, आणि पुन्हा खोचली.

लटारूबाबा वाकला. त्यानं दोन्ही खडे उचलले, चिंधीत बांधले, चिंधी धोतराच्या सोग्यात खोवली. मग पायऱ्यांकडे पाहिलं. माझ्याकडे नाही, मी आहे त्या जागेच्या थोडं वर, तळ्याच्या मध्यावर बघावं तसं. मग घोंगडी झटकून तो त्यांच्यामागे चालू लागला. वेशीपाशी ते दिसेनासे झाले.

तेव्हा मी चौक पाहिला. जिथे जिथे गर्दी फाटत होती तिथे तिथे आता कोणी ना कोणी बसलेलं आहे. सगळ्यांची तोंडं वेशीकडे. काहींचे कपडे मी कधी पाहिलेले नाहीत. कोणी हलत नाही. एक मुलगी मात्र माझ्याकडे वळून पाहते आहे, नवा आला म्हणून.

डाव्या बाजूला काकणं वाजली. एक हात पायरीवरून सरकला, मला नीट बसता यावं म्हणून जागा करून दिली. हिरव्या बांगड्या, नव्या. हाताच्या मागच्या बाजूला, अंगठ्यापाशी, जाळ्याच्या दोरीचा जुना घट्टा. माझ्याही हाताला त्याच ठिकाणी आहे.

मी अजून मान वर केलेली नाही. वही उघडली, मार्चचं पान काढलं, टाक पाचव्या आकड्यापुढे धरला. "नाव सांगा," मी म्हणालो.

ती हसली. हसणं मला ओळखीचं वाटलं नाही. तेच सगळ्यात वाईट होतं.

"अठरा वह्या भरल्या," ती म्हणाली, "आन् आता पुसता?"

मग तिनं नाव सांगितलं. ते मी लिहून घेतलं आहे. इथल्या उजेडात शाई दिसत नाही, म्हणून मी त्याच ठिकाणी पुन्हा लिहितो आहे, आणि पुन्हा.

५.